रेड विंगचा सट: शिक्का सगळ्यात शेवटी बघा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसपासून आग्नेयेला साधारण ८० किलोमीटरवर, मिसिसिपीच्या काठी रेड विंग नावाचं गाव आहे. इथे बनलेल्या जुन्या स्टोनवेअरचे, म्हणजे खूप तापवून दगडासारख्या टणक केलेल्या मातीच्या भांड्यांचे, संग्राहक दर जुलैत या गावात जमतात. १९७७ मध्ये स्थापन झालेली रेड विंग कलेक्टर्स सोसायटी हा मेळावा भरवते. लिलाव, विक्रीची टेबलं, संग्रहांची मांडणी, जाणकारांची सत्रं, मुलांसाठी वेगळे कार्यक्रम असं सगळं काही दिवस चालतं. मुख्य कार्यक्रमांना सभासदत्व लागतं, ते आधीच घेऊन ठेवा. दर वर्षी सभासदांसाठी एक स्मृतिवस्तूही काढतात. ती आगाऊ मागवायची असते आणि मेळाव्यात हातात मिळते. सुरुवातीच्या वर्षांतल्या स्मृतिवस्तू थोड्याच निघाल्या होत्या, त्यामुळे त्यांचा भाव आता चांगलाच चढा आहे.

मराठी माणूस या टेबलांसमोर उभा राहिला की त्याला पहिल्यांदा आठवतो तो घरचा लोणच्याचा सट. सरळ पोट, सपाट बूड, जाड कडा, गळा जवळजवळ नाहीच. तिकडे याला क्रॉक म्हणतात. कोबी आंबवणं, काकड्या खारवणं, मिठातलं मांस किंवा लोणी साठवणं ही त्याची कामं. आकार गॅलनमध्ये सांगतात आणि तो आकडा पोटावरच छापलेला असतो. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणजे ५ चा सट साधारण १९ लिटरचा, १० चा ३८ लिटरचा आणि २० चा ७६ लिटरचा. ३० आणि ४० गॅलनचेही बनत. ते जागेवर ठेवूनच वापरायचे.

नवखा माणूस सटाकडे येतो आणि आधी लाल पंख, म्हणजे रेड विंगचा शिक्का, शोधतो. फसवणूक नेमकी तिथेच होते. पंख हा छाप आहे आणि छाप नंतरही मारता येतो. माती, झिलई आणि भट्टीतल्या खुणा मागाहून आणणं फार कठीण. म्हणून आधी बूड, मग आतली बाजू, मग पोट, मग आवाज आणि शेवटी शिक्का, हा क्रम मोडू नका.

तो क्रम कळायला गावातल्या कारखान्यांची थोडी ओळख लागते. जवळच्या क्ले बँक आणि गुडह्यू भागातली चांगली माती हे इथल्या धंद्याचं मूळ. १८७० च्या दशकाच्या अखेरीला रेड विंग स्टोनवेअर कंपनी उभी राहिली, १८८३ मध्ये मिनेसोटा स्टोनवेअर कंपनी आली आणि १८९२ मध्ये नॉर्थ स्टार. नॉर्थ स्टार चारेक वर्षांतच बंद पडली, म्हणून तिच्या बुडावरचा उठावाचा तारा दिसला की जाणकार थांबतात. या कंपन्यांनी १८९४ मध्ये विक्रीसाठी युनियन स्टोनवेअर नावाची एकत्र व्यवस्था केली. १९०६ मध्ये रेड विंग युनियन स्टोनवेअर कंपनी झाली, १९३६ मध्ये तिचं नाव रेड विंग पॉटरीज झालं. स्टोनवेअर १९४७ मध्ये थांबलं. पुढे जेवणाच्या टेबलावरची भांडी चालू राहिली आणि संपानंतर १९६७ मध्ये कारखाना कायमचा बंद झाला. १९८० च्या दशकात जुन्या नावाने नवं उत्पादन गावात सुरू झालं. तो माल खरा आणि चांगला आहे, फक्त जुना नाही. विकणाऱ्याने तो जुना म्हणून पुढे केला तर दोष विकणाऱ्याचा.

आता सट उलटा करा. म्हणजे आधी मालकाला विचारा आणि मग करा. १९०० च्या आधीच्या मिठाच्या झिलईच्या काही सटांच्या बुडावर कंपनीचं नाव मातीत दाबलेलं असतं. असा बुडावर सही असलेला नग साध्या नगापेक्षा महाग जातो आणि ते रास्तच आहे, कारण ओल्या मातीत दाबलेलं अक्षर भाजल्यानंतर कुणी घालू शकत नाही. अक्षरांच्या कडा बोटाने चाचपा. ती मातीबरोबर दबलेली हवीत, कोरलेली नकोत. बुडाची झीज सगळीकडे सारखी नसावी. दगडी फरशीवर, तळघरात पन्नास-साठ वर्षं सरकवलेल्या भांड्याची एक बाजू जास्त घासते. बुडाच्या मधोमध गोल भोक असेल तर कुणीतरी सटाची कुंडी केली होती असं समजा. असे सट पुष्कळ निघतात आणि भोक बुजवून रंगवलेलेही निघतात. त्यासाठी बॅटरी आत धरून बूड बाहेरून बघा.

आतली बाजू काळपट तपकिरी आणि बाहेरची करडी, संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबडीत असेल तर ती मिठाची झिलई. भट्टी साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या वर गेली की आत मीठ फेकत. मिठाची वाफ होई, तिच्यातला सोडियम मातीतल्या सिलिकाशी संयोग पावे आणि पृष्ठभागावर काच तयार होई. सट एकावर एक रचलेले असल्यामुळे ती वाफ आत पोचत नसे. म्हणून आतून आधीच ऑल्बनी स्लिप लावत. ही न्यूयॉर्क राज्यातली चिकणमाती, स्वतःच वितळून तपकिरी झिलई होणारी. तेव्हा बाहेर मिठाची झिलई आणि आत पांढरं स्वच्छ, अशी जोडी दिसली तर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रचण्याच्या खुणाही वाचता येतात. एका सटाची कडा दुसऱ्याला चिकटून सुटली की तिथे झिलई उडालेली राहते. भट्टीच्या कमानीवरून वितळलेल्या मिठाचे आणि राखेचे थेंब खाली पडत, त्यांचे चकचकीत हिरवट-तपकिरी डाग होत. संग्राहक त्यांना टर्कीची विष्ठा म्हणतात आणि चांगल्या जागी पडले असतील तर जास्त पैसे मोजतात. दोन सट भाजताना चिकटले तर पोटावर खरवडल्यासारखा वण येतो. हे सगळे जन्माचे वण. यांना दोष म्हणून भाव पाडून मागू नका, समोरचा लगेच ओळखतो की तुम्ही नवीन आहात.

मिठाच्या झिलईवर कोबाल्टची निळी नक्षी हाताने काढत. फुलपाखरू, पान, आडवा आठ, बरगड्यांसारख्या रेघा. कारागीर एका नगावर काही क्षणच घालवत, म्हणून रेघ वाहती असते. थरथरणारी, जपून ओढलेली, दोनदा गिरवलेली रेघ दिसली तर भिंग काढा. निळा रंग झिलईच्या आत बुडालेला असला पाहिजे. वर बसलेला रंग नखाला लागतो.

१९०० च्या सुमारास पांढरी, जस्ताची झिलई आली. इथून छापांचा काळ सुरू होतो. आधी बर्चची पानं, त्यांचंच रुंद रूप म्हणजे हत्तीचे कान, खाली लंबवर्तुळात कंपनीचं नाव. लाल पंख १९१० च्या आगेमागे आला. त्यामुळे करड्या मिठाच्या सटावर लाल पंख ही जोडी काळातच बसत नाही. लंबवर्तुळात नुसतं युनियन स्टोनवेअर असेल तर तो शिक्का १९०६ च्या आधीच्या धाटणीचा, रेड विंग युनियन असेल तर नंतरचा. तारेच्या कडीचे कान असलेल्या मोठ्या सटांवर २१ डिसेंबर १९१५ ही पेटंटची तारीख छापलेली दिसते. ती त्या नगाची जन्मतारीख समजू नका. त्यानंतरही वर्षानुवर्षं तोच शिक्का वापरात होता.

खोटा पंख बहुतेक वेळा बिनशिक्क्याच्या खऱ्या जुन्या सटावर येतो. सट जुना, पंख नवा. म्हणूनच बूड, आवाज, झीज सगळं पास होतं आणि माणूस फसतो. अशा वेळी तिरप्या उजेडात पंखाची कड बघा. झिलईची चमक पंखावरून अखंड गेली पाहिजे. पंखावर चमक कमी-जास्त होत असेल, किंवा झिलईतला जुना ओरखडा पंखाच्या कडेला येऊन नाहीसा होऊन पलीकडे परत दिसत असेल, तर पंख ओरखड्यानंतर आलेला आहे. ओरखडा पंखालाही कापून गेला असेल तर चांगली खूण.

आता आवाज. सट लाकडी पाटावर किंवा घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा, झाकण काढा, तारेच्या कड्या एका हाताने दाबून धरा, नाहीतर त्याच खणखणतात. बोटाच्या पेराने कडेखाली तीन-चार जागी वाजवा. धड सट घंटेसारखा लांबतो. तडा गेलेला बद्द वाजतो. २० गॅलनचा सट धड असूनही खालच्या पट्टीत बोलतो, म्हणून त्याची तुलना त्याच मापाच्या शेजाऱ्याशी करा. मेळाव्यात एकाच मापाचे दहा सट रांगेत मिळतात, कान तयार करायला याहून चांगली जागा नाही.

बद्द आवाज आला आणि तडा दिसत नसेल तर ओल्या फडक्याने पुसा. पृष्ठभाग वाळतो तेव्हा तड्यातलं पाणी मागे राहतं आणि रेघ काळी उमटते. झिलईतल्या बारीक भेगांची जाळी आणि खरा तडा यांत गल्लत करू नका. जाळी फक्त झिलईत असते, एका बाजूलाच, आणि आवाज बिघडवत नाही. खरा तडा आत-बाहेर एकाच जागी दिसतो. याचं नेहमीचं कारण हिवाळा. कोठारात पावसाचं पाणी साठलेला सट गोठतो, बर्फ होताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि बूड सुटतं. बुडाजवळ कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले दिसले तर बहुधा तेच झालेलं असतं.

दुरुस्ती शोधायला अतिनील दिवा घ्या, पण तो अंधारात वापरायचा. दुरुस्तीत भरलेले अनेक जुने रेझिन आणि रंग पांढरट निळे उजळतात. नवे काही रंग मुळीच उजळत नाहीत, म्हणून दिवा गप्प राहिला तरी कडेवरून सावकाश बोट फिरवा. रेझिन मातीपेक्षा कोमट लागतं आणि नाण्याने अलगद टकटक केली तर मऊ आवाज देतं. दुरुस्त केलेला सट घ्यायला काहीच हरकत नाही, चिठ्ठीवर तसं लिहिलेलं असावं आणि भाव तसा असावा. स्वतः विकायला टेबल मांडणार असाल तर चिठ्ठीवर माप, अंदाजे काळ, शिक्का आणि प्रत्येक दोष लिहा. इथे लोक वर्षानुवर्षं परत येतात, लपवलेला तडा विसरला जात नाही.

लिलावात वस्तू हाताळायची वेळ बोली सुरू होण्याआधीची. घेणाऱ्याकडून वरकड टक्केवारी आकारतात का, कर किती, हे आधी विचारा, ते तुमच्या ठरवलेल्या कमाल खर्चातून वजा करा आणि उरते ती कमाल बोली कागदावर लिहून ठेवा. दुकानांची नावं छापलेले जाहिरातीचे सट हौशी लोक फार ओढतात. मिनेसोटा, आयोवा, डकोटातल्या लहान गावांतल्या वाण्यांनी ते बनवून घेतलेले असत. ज्या गावाचं नाव दुर्मीळ, त्यावर बोली चढते. साधा पंखाचा ५ गॅलनचा सट हवा असेल तर लिलावात अडकू नका, टेबलांवर तो निवांत मिळतो.

उचलताना कडेला किंवा कड्यांना धरू नका. एक हात बुडाखाली, एक पोटाला, आणि १० गॅलनच्या वर दोन माणसं. गाडीत सट उभाच ठेवा, खाली गोधडी आणि बाजूंना उशा. एकात एक घालायचे तर मध्ये जाड कापड हवंच. झाकण वेगळं गुंडाळा. जुलैच्या उन्हात तापलेल्या गाडीतून काढलेल्या सटावर गार पाणी ओतू नका, जुन्या केशरेघेचा, म्हणजे केसासारख्या बारीक भेगेचा, तडा व्हायला तेवढं पुरतं.

घरी आणल्यावर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश. आत मुरलेल्या चरबीचे तपकिरी डाग असतील तर सट रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, मग औषधाच्या दुकानातल्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस डागावर ठेवून वर प्लास्टिक ओढा, आणि काही दिवस रोज बदला. हातमोजे घाला. कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच अजिबात नको. त्याचे क्षार मातीत शिरतात, वाळताना स्फटिक होतात आणि झिलईचे टवके उडवतात. खारवणीच्या सटावर आपोआप पांढरी पूड येत असेल तर तीही मिठाचीच. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून आठवडाभर रोज पाणी बदला आणि सावलीत वाळवा.

यात आंब्याचं लोणचं घालावं का? माझं उत्तर नाही असं आहे. जाळीत आणि केशरेघेत जुनी चरबी आणि बुरशी बसलेली असते, मीठ आणि आंबटपणा ती बाहेर काढतात. शिवाय शंभर वर्षांत त्यात काय काय ठेवलं गेलं ते कुणालाच ठाऊक नसतं. शिशाची घरगुती चाचणी फक्त वरवरचं सांगते, खात्री हवी तर प्रयोगशाळेत पाठवावं लागतं. लोणच्यासाठी अन्नाला चालणारा, शिसं नसलेला नवा सट घ्या. जुन्यात पापडाची बंद पाकिटं ठेवा.

झाकणाचं मात्र जरूर बघा. सट टिकतात, झाकणं फुटतात, म्हणून मेळाव्यात सुटी झाकणं विकायला असतात आणि एकाच गॅलनच्या दोन सटांची तोंडं सारखी नसतात. घरून निघण्याआधी सटाच्या तोंडावर वर्तमानपत्र दाबून आतली आणि बाहेरची कड उमटवा, दोन्ही वर्तुळं कापा, त्यांवर गॅलनचा आकडा लिहा आणि पाकिटात ठेवा. झाकणाच्या खालच्या अंगाला ओठ असेल तर तो आतल्या वर्तुळाहून पाच-सहा मिलिमीटर लहान हवा, सपाट असेल तर बाहेरच्या वर्तुळावर टेकून बघा.