कोंग्सफ्यॉर्डला जायचं असेल तर

नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड या आर्क्टिक द्वीपसमूहात, स्पिट्सबर्गन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ७९ अंश उत्तर अक्षांशाजवळ, वीसेक किलोमीटर आत शिरलेली खाडी म्हणजे कोंग्सफ्यॉर्ड. ऑस्लोहून विमानानं लॉंगइयरब्येन हे तिथलं मुख्य गाव गाठायचं आणि तिथून उन्हाळ्यात जहाज पकडायचं. गाडीरस्ता नाहीच. व्हिसाचं आधीच सांगतो. स्वालबार्डसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, पण तिकडे जाताना आपण शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या, हद्दीबाहेर पडतो आणि परतताना पुन्हा आत येतो. त्यामुळे शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा हवा. अर्ज भरतानाच हे बघून घ्या.

जहाज शक्यतो लहान निवडा. लहान जहाजं प्रिन्स कार्ल्स फोरलँड या लांबट बेटाच्या आतल्या बाजूनं जातात. मधे पाणी उथळ असल्यानं मोठ्या जहाजांना बेटाबाहेरून वळसा पडतो आणि उघड्या समुद्राचा मार खावा लागतो. बोट लागत असेल त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. गोळी निघण्याआधीच घ्यावी.

या खाडीचा सगळा इतिहास तिच्या तोंडाशी सुरू होतो. पुष्कळ फ्यॉर्डांच्या तोंडाशी समुद्रतळावर उंबरठ्यासारखा उंचवटा असतो आणि तो बाहेरचं पाणी अडवतो. इथे तसा अडसर नाही. गल्फ स्ट्रीम या उबदार सागरी प्रवाहाचा शेवटचा फाटा या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे जातो आणि त्याचं कोमट पाणी सरळ आत येतं. म्हणून इतक्या उत्तरेला असूनही जहाजं इथपर्यंत येऊ शकली. १५९६ मध्ये बॅरेंट्सच्या डच मोहिमेनं स्पिट्सबर्गन पाहिलं, १६१० मध्ये जोनास पूल या इंग्रज कप्तानाला याच खाडीत दगडी कोळसा सापडला. नॉर्वेच्या ओलेसुंड गावच्या कंपनीनं १९१६ मध्ये खाण सुरू केली आणि त्या गावावरूनच इथल्या वस्तीचं नाव पडलं, नी-ओलेसुंड. आज हे शास्त्रज्ञांचं गाव आहे आणि जहाज इथेच लागतं.

धक्क्यावर उतरण्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद. ब्लूटूथवाली घड्याळं आणि इयरफोनसुद्धा यात आले. इथल्या रेडिओ दुर्बिणी फार क्षीण लहरी टिपतात, आपल्या खिशातल्या यंत्रानं त्यांच्या नोंदी बिघडतात. हा नियम मनापासून पाळा. रस्ता सोडून गवतावर पाय टाकू नका. कुररी पक्ष्यांची घरटी जमिनीवरच असतात आणि ते थेट डोक्यावर चोच मारतात. हात किंवा काठी डोक्याच्या वर धरून चाललं की चोच तिथे बसते.

संग्रहालय, दुकान आणि पोस्ट सोडलं तर बाकी इमारती पाहुण्यांसाठी बंद. ‘हिमाद्री’ही बाहेरूनच बघायचं. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं हे ठाणं २००८ पासून इथे आहे. २०१४ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी याच खाडीच्या पोटात ‘इंडआर्क’ ही वेधशाळा सोडली. पाण्याचं तापमान, क्षारता असं सगळं ती मोजते, म्हणजे ज्या कोमट पाण्याबद्दल वर लिहिलं त्याचीच नाडी. साध्या लाकडी घरावरचं ते नाव वाचून मला फार अभिमान वाटला.

पण वेळ राखून ठेवा तो खांबासाठी. वस्तीच्या थोडं बाहेर, उघड्या माळावर लोखंडी जाळीचा उंच मनोरा उभा आहे. अस्वलांमुळे तिथे बंदूकधारी वाटाड्याशिवाय जाता येत नाही. हवेतून ध्रुवाकडे जायची धडपड इथे दाटलेली आहे. १९२५ मध्ये नॉर्वेचा ध्रुवसंशोधक अमुंडसेन आणि अमेरिकेचा एल्सवर्थ दोन विमानं घेऊन या खाडीतून निघाले आणि ८७ अंश ४४ मिनिटांवर बर्फात अडकले. सहा माणसांनी तीन आठवड्यांहून जास्त काळ बर्फ फोडून धावपट्टी केली आणि सगळे एकाच विमानातून परतले. पुढच्या वर्षी ‘नोर्गे’ हे हवाई जहाज, म्हणजे वायूनं भरलेल्या अवाढव्य फुग्याखाली लटकणारं यान, बांधून ठेवायला हा खांब उभारला गेला. ११ मे १९२६ ला ते निघालं, १२ तारखेला ध्रुवावर होतं आणि १४ ला अलास्कात टेलरला उतरलं. ‘नोर्गे’ निघण्याच्या दोनच दिवस आधी अमेरिकेचा बर्ड इथूनच विमानानं ध्रुवावर जाऊन आल्याचं सांगत होता. त्या दाव्यावर आजही वाद आहे, ‘नोर्गे’बद्दल नाही.

१९२८ मध्ये ‘नोर्गे’चा इटालियन चालक नोबिले ‘इटालिया’ हे दुसरं हवाई जहाज घेऊन निघाला. परतताना जहाज बर्फावर आदळलं. सहा जण वरच्या फुग्याबरोबर वाहून गेले ते कधीच सापडले नाहीत. नोबिलेशी भांडण असूनही अमुंडसेन त्याच्या शोधाला ट्रॉम्सोहून उडाला आणि तोही बेपत्ता झाला. खांबाच्या गंजलेल्या पायाशी उभं राहून हे सगळं आठवलं की वाऱ्याचं भान राहत नाही. मात्र त्याला हात लावू नका. १९४६ पूर्वीची प्रत्येक वस्तू, अगदी खिळासुद्धा, कायद्यानं संरक्षित आहे.

खाणीचं स्मारकही चुकवू नका. ५ नोव्हेंबर १९६२ च्या स्फोटात २१ कामगार गेले, खाण कायमची बंद झाली आणि पुढच्या वर्षी त्याच प्रकरणावरून नॉर्वेचं सरकार पडलं. शास्त्रज्ञांचं गाव त्यानंतरचं.

समोरच्या ब्लोमस्ट्रांडवर अर्नेस्ट मॅन्सफील्ड या इंग्रजानं १९११ च्या सुमारास संगमरवर काढायला घेतला. ब्लॉक दिसायला उत्तम, पण गोठलेल्या जमिनीतून बाहेर येऊन त्यांच्यातलं बर्फ वितळलं की भुगा व्हायचे. यंत्रं तिथेच गंजत पडली आहेत. नकाशांवर ही जागा द्वीपकल्प होती. हिमनदी मागे सरकली, तेव्हा कळलं की हे बेट आहे. खाडीच्या टोकाला क्रोनेब्रेन हिमनदीची निळी-करडी भिंत समुद्रात कोसळत असते. रबरी बोटीतून ती बघताना गुडघ्यापर्यंतचे वॉटरप्रूफ बूट आणि दोन जोड हातमोजे हवेतच. वाटाड्या लांब थांबला तर कुरकुर करू नका, तुकडा पडला की लाट मोठी येते.

जूनमध्ये बर्फ जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये पायी फिरणं सोपं. २०२५ पासून अस्वलापासून ३०० मीटर अंतर बंधनकारक आहे, मार्च ते जूनमध्ये ५०० मीटर, आणि संरक्षित भागात उतरायच्या जागाही ठरवून दिल्या आहेत. तेव्हा पैसे भरण्याआधी जहाज नेमकं कुठे कुठे उतरवणार ते लेखी विचारा. दुर्बीण चांगली घ्या.