तुम्ही विचारलंत म्हणून: जर्मनी प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याने एक केली की जकात संघाने (आपसातली जकात उठवलेल्या जर्मन राज्यांच्या संघाने)?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे हा प्रश्न नेहमी विचारतात, आणि आवडीने इतिहास वाचणारेही. माझं उत्तर असं: जकात संघामुळे कुणाच्या मनात राष्ट्र उभं राहिलं नाही. मात्र प्रशियाशी, म्हणजे उत्तरेतल्या बलाढ्य जर्मन राज्याशी, फटकून राहणं छोट्या राज्यांना परवडेनासं झालं. ही दोन कामं वेगळी धरली नाहीत, तर १८६६च्या प्रशिया-ऑस्ट्रिया युद्धात जे झालं त्याचा अर्थच लागत नाही.

सुरुवात प्रशियाच्या स्वतःच्या अडचणीतून झाली. १८१५च्या व्हिएन्ना परिषदेनंतर जर्मन भूमीवर ३९ राज्यं उरली. प्रशियाला ऱ्हाइनकाठचा मुलूख मिळाला, पण तो मूळ प्रदेशापासून तुटलेला होता. मध्ये हॅनोव्हर आणि हेसे पसरलेले. शिवाय प्रशियाच्या आतच ६७ वेगवेगळी जकातपत्रकं चालू होती. २६ मे १८१८च्या कायद्याने आतले नाके उठवले आणि जकात फक्त बाहेरच्या सीमेवर ठेवली. कच्चा माल बहुतेक मोफत, तयार मालावर साधारण १० टक्के.

या कायद्यातली खरी मेख वजनात आहे. जकात मालाच्या किमतीवर नव्हती, वजनावर होती. किंमत ठरवायची म्हटली की व्यापारी कमी सांगणार, अधिकारी जास्त लावणार, मग वाद आणि लाच. वजनाला फक्त तराजू लागतो. पण यातून एक वेगळाच परिणाम झाला. पुढे जकात संघात सुती कापडावर दर झेंटनरला, म्हणजे सुमारे ५० किलोला, ५० थालर (तेव्हाचं चांदीचं नाणं) जकात होती. तलम कापड असो की जाडंभरडं, दर तोच. त्यामुळे स्वस्त कापडावर बोजा जास्त, महागड्यावर कमी. त्यातच इंग्लंडच्या गिरण्यांचं कापड वर्षागणिक स्वस्त होत गेलं. दराला हात न लावताही जकातीचा भार किमतीच्या मानाने वाढत राहिला, आणि देशी गिरण्यांना आपोआप संरक्षण मिळालं.

शेजाऱ्यांना संघात आणलं ते गोडीगुलाबीने नव्हे. प्रशियाच्या पोटात अडकलेल्या छोट्या संस्थानांकडे जाणाऱ्या मालावरही प्रशिया जकात घेई, कारण तो तिच्या सीमेतूनच आत येई. श्वार्ट्सबुर्ग-सोंडर्सहाउझेनने १८१९मध्येच करार केला. आनहाल्ट-क्योथेनने मात्र एल्ब नदीवाटे माल आणून तो चोरट्या मार्गाने प्रशियात घुसवायचा धंदा मांडला, तो १८२८पर्यंत चालला. प्रशियाचे अर्थमंत्री मोट्झ यांनी १८२९च्या टिपणात स्पष्ट मांडलं होतं की जकातीच्या एकीतून राजकीय एकी निघेल. म्हणजे हेतू लपलेला नव्हता.

१ जानेवारी १८३४ला जकात संघ सुरू झाला तेव्हा त्यात १८ राज्यं होती. उत्पन्नाची वाटणी लोकसंख्येवर. त्यासाठी दर तीन वर्षांनी डिसेंबरात शिरगणती होई, आणि माणूस म्हणजे पैसा असल्याने कोणाला कुठे मोजायचं यावर राज्यांचं बारीक लक्ष असे. दक्षिणेतल्या शेतकरी राज्यांत साखर-कॉफीसारखा परदेशी माल तुलनेने कमी खपे, तरी वाटा डोक्यांप्रमाणे मिळे. प्रशियाने हा तोटा जाणूनबुजून सोसला. राजेरजवाड्यांना यात आणखी एक सोय दिसली: विधिमंडळापुढे हात न पसरता मिळणारं उत्पन्न. एकदा त्या पैशावर खजिना चालू लागला की बाहेर पडणार कोण?

ऑस्ट्रिया बाहेर राहिली, आणि तिला बाहेरच ठेवण्याचं हत्यारही जकातच होती. प्रशियाने १८६२मध्ये फ्रान्सशी व्यापार करार करून दर खाली आणले. ऑस्ट्रियाच्या कारखान्यांना ते दर झेपणारे नव्हते. बव्हेरिया आणि व्युर्टेंबर्गने विरोध केला. प्रशियाचं उत्तर होतं: करार मान्य करा, नाहीतर १८६५मध्ये मुदत संपल्यावर संघाचं नूतनीकरण होणार नाही. दोघांनीही मान तुकवली. माझ्या मते बिस्मार्कच्या कोणत्याही भाषणापेक्षा हा प्रसंग जास्त शिकवणारा आहे.

पण पुढे पाहा. १८६६च्या युद्धात हॅनोव्हर, सॅक्सनी, बव्हेरिया, व्युर्टेंबर्ग, बाडेन हे सगळे संघाचे सदस्य ऑस्ट्रियाच्या बाजूने प्रशियाशी लढले. आणि लढाई चालू असताना संघाची जकात वसूल होतच राहिली! बाजारपेठ एक, झेंडे वेगळे. १८६८मध्ये जकात संसदेसाठी, म्हणजे संघाच्या निवडून आलेल्या सभेसाठी, दक्षिणेत पहिल्यांदाच मतदान झालं, तेव्हा व्युर्टेंबर्गच्या १७ पैकी एकाही जागेवर प्रशियाचा समर्थक निवडून आला नाही. चौतीस वर्षांचा एकत्र व्यापार गाठीशी होता, तरी हा निकाल लागला.

रेल्वेची गोष्ट थोडी वेगळी. न्यूर्नबर्ग-फ्युर्थ ही पहिली गाडी ७ डिसेंबर १८३५ला धावली. अंतर अवघं ६ किलोमीटर, इंजिन न्यूकॅसलहून आणलेलं, चालकही इंग्रज. बर्लिनच्या बोर्झिग कारखान्याने १८४१मध्ये आपलं पहिलं इंजिन बाहेर काढलं आणि १८५८पर्यंत हजारावं. प्रत्येक राज्याने आपापल्या सोयीने मार्ग टाकले, पण रूळ जुळले आणि जाळं तयार झालं. १८६६मध्ये प्रशियाचा सेनाप्रमुख मोल्टके याने पाच मार्गांवरून फौज उतरवली, ऑस्ट्रियाच्या हाती मुख्य मार्ग एकच होता. मात्र माणसं वेळेवर पोचली तरी रसद मागे तुंबली. उतरवायला फलाट अपुरे, रिकामे डबे परत फिरवायची शिस्त नाही, आणि शेवटच्या स्टेशनापासून छावणीपर्यंत पुन्हा घोडागाडीच. १८७०च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धातही हेच झालं, फरक इतकाच की तेव्हा दक्षिणेच्या फौजा प्रशियाच्या बाजूने त्याच रुळांवरून फ्रान्सकडे निघाल्या होत्या. भावनेचा सांधा जुळला तो या युद्धात.

जकात संघाच्या कल्पनेसाठी १८१९पासून झटलेला जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश लिस्ट आपल्याकडे परका नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात त्याचा आधार घेतला होता. मात्र लिस्टचा दाखला देताना एक फरक ध्यानात ठेवावा: प्रशियाचे जकातदर प्रशिया ठरवत होती, हिंदुस्थानचे लंडन.

आणि "आधी जकात, मग राष्ट्र" हा क्रम सगळीकडे लागू पडतो असं समजणाऱ्यांनी हॅम्बुर्ग पाहावं. ते शहर १८७१पासून, म्हणजे एक झालेल्या जर्मनीच्या स्थापनेपासून, साम्राज्यात होतं, पण जकातीच्या सीमेत आलं ते १५ ऑक्टोबर १८८८ला, तेही बंदराचा एक भाग मुक्त ठेवून.