बर्फात पडलेलं टोपण

जानेवारी महिना. पूर्व लडाखमध्ये १५ हजार फुटांवर आमची पोस्ट. मी तेव्हा हवालदार होतो, सेक्शन कमांडर, हाताखाली नऊ जवान. सकाळी पारा उणे २२ वर आणि वारा सुटलेला. त्या दिवशी आमच्या सेक्शनकडे युजर ट्रायल होती. लष्कराला नवी वस्तू घ्यायची झाली की ती आधी जवानांच्या हातात देऊन बघतात. उन्हाळ्यात वाळवंटात, हिवाळ्यात उंचावर. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण शेवटी ती वस्तू वापरणार असतो शिपाई.

ट्रायल होती रायफलवर बसवायच्या साइटची, म्हणजे नेम धरायच्या उपकरणाची. तिच्यात उष्णतेवरून चित्र दाखवणारा थर्मल कॅमेरा, लेझरनं अंतर मोजायची सोय आणि एक छोटा संगणक. सोबत कंपनीचा इंजिनिअर आला होता, नाशिककडचा तरुण मुलगा. इतक्या उंचावर मराठी ऐकून आमची पोरं खूश झाली. त्यानं रात्रभर साइट बुखारीशेजारी, म्हणजे बंकरमधल्या शेगडीशेजारी, चार्जिंगला ठेवली होती आणि सकाळी तशीच बाहेर आणली. दोन मिनिटांत आत अडकलेल्या दमट हवेचं काचेवर दव धरलं आणि त्याचं तिथल्या तिथे बर्फ झालं. आम्ही रायफली रात्रीसुद्धा बंकरच्या बाहेरच्या आडोशाला ठेवतो, त्या याचसाठी. गरम खोलीत थंड लोखंड नेलं की त्याला घाम फुटतो, आणि परत बाहेर काढलं की तोच घाम गोठून बोल्ट जाम होतो. त्या बिचाऱ्याला हे कोण सांगणार होतं? आम्हीही आदल्या रात्री सांगितलं नाही, ती चूक आमची.

तासाभरानं काच स्वच्छ झाली आणि फायरिंग सुरू झालं. आमच्यात कोल्हापूरकडचा एक पोरगा होता. मेहनती, पण नेमबाजीत बेताचाच. त्यानं साडेचारशे मीटरवरचं टार्गेट पहिल्याच राउंडला पाडलं. मग दुसरं. उंचावर हवा विरळ, गोळी खाली मैदानात जाते तशी जात नाही. त्यात थंडीनं दारूचा जोर कमी होतो. हा सगळा हिशेब अनुभवी नेमबाजाला वर्षानुवर्षं डोक्यात बसवावा लागतो. साइट तो क्षणात करून नेम कुठे धरायचा ते ठिपक्यानं दाखवत होती. त्या पोराच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. यंत्रानं काही उपयोग होत नाही, असं म्हणणाऱ्या जुन्या लोकांशी माझं म्हणूनच पटत नाही.

मग मी सेक्शनला पूर्ण सामान चढवून समोरच्या धारेवर न्यायचं ठरवलं. पिट्टू म्हणजे पाठीवरची पिशवी, पाणी, राउंड, सगळं. इथे श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. साइटचं वजन १ किलो २०० ग्रॅम. टेबलावर ते काहीच वाटत नाही, पण ७.६२ बाय ५१ मिलिमीटरच्या ५० राउंडचं वजन साधारण तेवढंच भरतं, आणि ते आता रायफलच्या डोक्यावर होतं. अमेरिकेनं १९९० च्या दशकात रायफल आणि हवेत फुटणारा २० मिलिमीटरचा गोळा एकाच हत्यारात बसवायला घेतला होता, एक्सएम २९. ते ८ किलोच्या आसपास गेलं आणि पुढे प्रकल्प गुंडाळावा लागला. पैशाची ददात नसलेल्या फौजेलाही वजनापुढे हात टेकावे लागले.

धारेवर पोचलो तेव्हा सगळे धापा टाकत होते. कोल्हापूरच्या पोरानं पोझिशन घेतली आणि डोळा लावला, तर त्याच्याच श्वासाची वाफ काचेवर. ती पुसली. मग पडदा मंद झाला आणि विझला. सहा तास चालायची बॅटरी थंडीत चाळीस मिनिटांत बसली होती. मी घड्याळ लावलं आणि म्हणालो, "बदल."

बॅटरीच्या खोबणीला फिरवायचं टोपण होतं, रुपयाच्या नाण्याएवढं. जाड हातमोज्यात ते धरता येईना. त्यानं दातांनी मोजा ओढून काढला. उघडी बोटं लोखंडाला लागली आणि चिकटली. त्यानं हिसका दिला, कातडीचा पापुद्रा तिथेच राहिला. टोपण निसटलं आणि बर्फात गेलं. तो गुडघ्यांवर बसून उघड्या हातानं बर्फ उकरायला लागला. मी ओरडलो, "सोड ते! लोखंडी साइटवर फायर कर!" पण ही साइट बसवल्यावर खालची, रायफलची मूळची लोखंडी साइट पूर्ण झाकली जात होती, आणि नवी साइट उतरवायला पान्याशिवाय मार्ग नव्हता. पाना दुसऱ्या जवानाच्या पिट्टूत. रायफल पुन्हा नेम धरण्याजोगी झाली तेव्हा घड्याळात तीन मिनिटं दहा सेकंद झाले होते. समोर पुठ्ठ्याचं टार्गेट होतं म्हणून ठीक. मी त्या पोराचा हात माझ्या काखेत धरून ठेवला, बोटांत रंग येईपर्यंत. इंजिनिअर शेजारी उभा होता, काही बोलला नाही. त्याचे डोळे भरले होते.

रात्री बंकरमध्ये तो आपणहून पोरांच्यात येऊन बसला. म्हणाला, "साहेब, सगळं सांगा. मला वाईट वाटेल म्हणून काही ठेवू नका." मग पोरं मोकळी झाली. बॅटरी रायफलवर कशाला, छातीशी आतल्या खिशात ठेवा, अंगाची ऊब लागेल, वायर वर आणा. टोपण दोरीनं बांधा. बटणं मोठी करा. साइट एका खटक्यात निघाली पाहिजे, अंधारात, एका हातानं. वायर झुडपात अडकेल, असं एलएमजीवाला, म्हणजे हलकी मशीनगन चालवणारा, म्हणाला, आणि त्यावर अर्धा तास वाद झाला; तो मिटला नाही. मुलगा रेशनच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चित्र काढून घेत होता.

माझ्या अहवालात मी नेमबाजीचे आकडे मनापासून चांगले लिहिले, आणि तीन मिनिटं दहा सेकंदही लिहिले. पुढचा निर्णय वरच्यांचा.

तिसऱ्या दिवशी गाडीत बसण्याआधी तो मुलगा माझ्याकडे आला आणि आमच्या हातमोज्यांचा एक जोड मागितला. ऑफिसात टेबलावर ठेवणार आणि पुढचं प्रत्येक बटण ते घालूनच दाबून बघणार, म्हणाला. सरकारी माल देता येत नव्हता. मी माझ्या पेटीतला, घरून आणलेला जुना जोड त्याला दिला.