पबच्या माडीवरची मैफल: इंग्लंडच्या फोक क्लबात गायचं असेल तर

इंग्लंडातला फोक क्लब, म्हणजे लोकगीतं गाणाऱ्या-ऐकणाऱ्यांची मंडळी, शोधून सापडत नाही, अडखळून सापडते. खाली पब, टीव्हीवर फुटबॉल, आणि जिन्याच्या दारावर चिकटवलेला एक कागद: मंगळवारी आठ वाजता, वरच्या खोलीत. वर गेलात की तीस-चाळीस खुर्च्या, बहुतेक डोकी पांढरी, माइक नाही, स्टेज नाही. पहिल्या रांगेतला जो माणूस मघाशी दाराशी पैसे घेत होता, तोच उठून गायला लागतो. 'क्लब' या शब्दाने दबून जाऊ नका. गावातलं भजनी मंडळ डोळ्यांसमोर आणा, फक्त देव्हाऱ्याच्या जागी बिअरचे ग्लास ठेवा.

ही पद्धत १९५० च्या दशकातली. स्वस्त गिटार, वॉशबोर्ड (कपडे घासायची फळी) आणि चहाच्या खोक्याला काठी-दोरी लावून केलेला बास घेऊन तरुण पोरं स्किफल, म्हणजे अशा घरगुती वाद्यांवरचं अमेरिकन धाटणीचं गाणं, वाजवायला लागली. ती लाट ओसरल्यावर त्यातले काही जण जुन्या गाण्यांकडे वळले. ब्रॅडफर्डचा टॉपिक फोक क्लब १९५६ पासून चालू आहे. लंडनमध्ये युअन मॅकॉल, पेगी सीगर वगैरे गायक मंडळींनी १९६१ मध्ये सिंगर्स क्लब काढला. तिथला दंडक असा, की गाणाऱ्याने आपल्या भाषेतलं, आपल्या मातीतलं गावं. लंडनच्या पोराने उसन्या अमेरिकन उच्चारात कापसाच्या मळ्यातलं दुःख गाऊ नये. या दंडकावरून तेव्हा खूप भांडणं झाली आणि आज तो कुणी काटेकोर पाळत नाही. पण त्याची छाया अजून आहे, आणि ती आपल्या फायद्याची आहे. मराठी माणसाने तिथे इंग्रजी पॉप गायलं तर सभ्य टाळ्या पडतात. जात्यावरची ओवी गायली तर मध्यंतरात चार जण येऊन विचारतात, जातं म्हणजे नेमकं कसं?

आधी एक फरक नीट कळला पाहिजे, कारण गोंधळ तिथेच होतो. 'सेशन' वेगळं आणि 'क्लब' वेगळा. सेशन खालच्या बारमध्येच, टेबलाभोवती कोंडाळं करून चालतं. त्यात धुना असतात, गाणी क्वचित. एक धून दोन-तीनदा वाजवायची, न थांबता दुसरीत शिरायचं, मग तिसरीत. गप्पा चालू असल्या तरी चालतं. क्लबात मात्र गाणं चालू असताना शांतता म्हणजे शांतता. क्लबाच्याही दोन तऱ्हा. 'सिंगर्स नाइट' किंवा 'सिंगअराउंड' म्हणजे हजर असलेल्यांनीच आळीपाळीने गायचं. 'गेस्ट नाइट' म्हणजे बाहेरचा व्यावसायिक कलाकार बोलावलेला, आणि त्याच्या आधी स्थानिकांना 'फ्लोअर स्पॉट', म्हणजे दोन-दोन गाण्यांची संधी. पहिल्यांदा गायचं असेल तर सिंगअराउंडच निवडा. गेस्ट नाइटला जागा दोन-तीनच असतात आणि त्या बहुधा आधीच ठरलेल्या असतात.

गेस्ट नाइटचं वेळापत्रक साधारण असं. साडेसातला दार उघडतं, आठला सुरुवात. निवेदक (त्याला 'एमसी' म्हणतात) किंवा घरचे गायक, म्हणजे 'रेसिडेंट्स', एखादं गाणं म्हणून खोली गरम करतात. मग दोन-तीन फ्लोअर स्पॉट. साडेआठच्या सुमारास पाहुणा पाऊण तास. मग वीस मिनिटं मध्यंतर आणि त्यात रॅफल, म्हणजे चिठ्ठ्यांची सोडत. बक्षीस वाइनची बाटली, चॉकलेटचा डबा किंवा पाहुण्याचीच सीडी. रॅफलला हसू नका, बऱ्याच क्लबांचं आर्थिक गणित तिच्यावर तरतं. चाळीस माणसं, बारा पौंड तिकीट, म्हणजे ४८० पौंड. त्यातून पाहुण्याचं मानधन, प्रवास आणि कधी राहण्याची सोय. पुढच्या आठवड्यात पाऊस पडला आणि पंधराच माणसं आली की खड्डा. तो खड्डा सोडतीच्या चिठ्ठ्या भरतात. खोली बहुधा फुकट मिळते, पण खाली दारू खपेल या बोलीवर. म्हणून न पिणाऱ्यानेही लाइम अँड सोडा तरी विकत घ्यावा. पाण्याचा ग्लास मागून तीन तास बसणं ही तिथली खरी असभ्यता.

गायचं असेल तर आयोजकाला आधी दोन ओळींचं मेल टाका आणि पोहोचल्यावर दारातच एमसीला नाव सांगा. नाव कसं उच्चारायचं ते कागदावर रोमन अक्षरांत, तुकडे पाडून लिहून द्या. तो बिचारा मनातून धास्तावलेला असतो. मध्यंतरात जाऊन 'मलाही गाऊ द्या' म्हणणं बरं दिसत नाही, कारण तोवर यादी लागलेली असते.

दोन गाणी म्हणजे दोनच, आणि प्रस्तावना धरून आठ ते दहा मिनिटं. आपल्याकडची माणसं नेमकी इथेच घसरतात. पहिल्या गाण्याआधी संतपरंपरेचा सात मिनिटांचा आढावा होतो आणि दुसरं गाणं राहून जातं. प्रस्तावना अर्ध्या मिनिटाची पुरे: गाणं कुणाचं, कधी गातात, कशाबद्दल आहे. 'पहाटे दळताना बायका हे म्हणत' एवढं एक वाक्य बोललात की खोलीला सगळं कळतं. नांगराची गाणी, शिडाचे दोर ओढतानाची खलाशांची गाणी त्यांच्याकडेही आहेत. कामाचं गाणं ही जात त्यांच्या ओळखीची. ओळीओळीचं भाषांतर सांगत बसू नका.

निवड करताना ध्रुपद, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची ओळ, बघा. या श्रोत्यांना ऐकण्याइतकंच गायला हवं असतं. मोठं, शब्दबंबाळ ध्रुपद उपयोगाचं नाही. दोन-तीन शब्दांचं, फिरून फिरून येणारं हवं. नुसता विठ्ठलाचा गजर चालतो, आणि पोवाड्याची 'जी जी रं जी' तर फारच, कारण झीलकऱ्यांचं काम ही मंडळी जन्मभर करत आलेली असतात. आधी दोनदा म्हणून दाखवा, मग हाताने खूण करा. तिसऱ्या वेळी पूर्ण खोली घेते.

इथे एक धक्का बसतो, त्याची तयारी ठेवा. ही माणसं एकसुरात गात नाहीत. ध्रुपद आलं की कुणी खाली षड्जाला जाऊन बसतं, कुणी तुमच्या वर तिसरा सूर धरतं, एखादी बाई पंचमावरून फिरते. ऐकायला भरदार, पण ज्याला सगळ्यांनी एकच सूर लावायची सवय आहे तो हमखास ओढला जातो आणि पुढचं कडवं भलत्याच सुरात सुरू करतो. उपाय म्हणजे पायाखाली षड्ज पक्का हवा. त्यासाठी साधन आपल्याच घरचं आहे: भात्याची सुरपेटी. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने तिला माळ्यावर टाकलं, पण इंग्लंडमधल्या लोकगायकांनी तिला उचलून धरलं आहे. तिथल्या लोकवाद्यांच्या दुकानांत ती 'श्रुती बॉक्स' या नावाने मिळते. लागतील त्या सुरांच्या पट्ट्या उघडायच्या, समजा पांढरी दोन आणि पांढरी सहा (पेटीवरच्या दुसऱ्या आणि सहाव्या पांढऱ्या पट्टीचे सूर), म्हणजे सा-प झाला. भाता सावकाश दाबा. घाई केली की दर वेळी सुराला हिसका बसतो, आणि तो हिसका नेमका सम गाठतानाच येतो. दाब संपत आला की ओळीच्या मधल्या श्वासात भाता बदला.

पट्टी हा दुसरा सापळा. साथीशिवाय गाणारा माणूस घाबरला की वर सुरू करतो. कडवं निभतं, पण ध्रुपदात तार षड्जाच्या पुढे जायची वेळ आली की खोलीतले पुरुष एकेक करून गप्प होतात. उठण्याआधी खुर्चीतच ध्रुपदातला सर्वांत वरचा सूर गुणगुणून बघा आणि तिथून खाली उतरून षड्ज धरा. पुरुषाने सा काळी एकवर धरला असेल तर ध्रुपद तार रिषभाच्या वर जाऊ नये. शाहिरी चढ्या पट्टीची हौस कडव्यात फेडावी.

साथीला स्थानिक गिटारवाला मिळाला तर त्याला 'डॅडगॅड' येतं का विचारा. ही गिटार लावण्याची एक रीत आहे, डेव्ही ग्रॅहम या वादकाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केलेली. मोरोक्कोत तिथल्या वादकांबरोबर वाजवताना त्याला तिची गरज पडली. नेहमीच्या गिटारीच्या सहाव्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारा प्रत्येकी एक पूर्ण स्वर खाली उतरवायच्या, मधल्या तिन्हींना हात लावायचा नाही. आता खालून वर तारा छेडा आणि पांढरी दोनला सा माना: सा प सा म प सा. गंधार नाहीच. त्यामुळे गाणं शुद्ध गंधाराचं असो की कोमल, मोकळ्या तारा कशाशीच भांडत नाहीत. नेहमीच्या रीतीने लावलेल्या गिटारीवर कॉर्ड (एकदम छेडलेले तीन-चार सूर) धरला की त्यात गंधार येतो आणि काफीच्या चालीवर चुकून शुद्ध गंधार आदळतो. मराठी गाण्याला गिटार 'बसत नाही' असं जे वाटतं त्याचं मोठं कारण हेच. पट्टी वाढवायची तर कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा: दुसऱ्या पडद्यावर कापो, की सा पांढरी तीनवर. कापो घट्ट दाबला की तारा किंचित चढतात, म्हणून लावल्यावर पुन्हा सूर तपासावा लागतो.

तसंही त्यांच्या चाली आपल्या कानाला परक्या नाहीत. जुन्या इंग्रजी गाण्यांत बऱ्याचशा चाली ज्या 'डोरियन'मध्ये असतात तो स्वरांनी आपला काफी थाट, 'मिक्सोलिडियन' म्हणजे खमाज. लयीत 'जिग' सहाच्या चालीने जातो, दादऱ्याचा कान असेल तर पाय आपोआप हलतो. 'रील'ला केरव्याच्या जवळचं समजा. पण म्हणून लगेच ढोलकी बाहेर काढू नका. बंद खोलीत ढोलकी गाणाऱ्याला गिळते. सेशनमध्ये तर बोधरान नावाचा आयरिश डफही एका वेळी एकानेच वाजवावा असा संकेत आहे. दुसऱ्या तालवाद्याने विचारूनच शिरावं. डग्गा-तबला न्यायचाच असेल तर डग्ग्याची घुमक आवरा आणि वेळेआधी पोहोचा. पावसाळी हवेत पुडी सैलावते आणि सूर उतरतो, हीटरच्या कोरड्या हवेत तो चढतो. अर्धा तास खोलीत ठेवून मग हातोडी लावलेली बरी. पोलादी तारांचं वेगळंच. थंडीतून उबेत आणलेल्या गिटारीच्या तारा गरम होऊन उतरतात. हे सगळं आपली पाळी येण्याआधी जिन्यात उरकायचं. लोकांसमोर पाच मिनिटं खुंट्या पिळणाऱ्याला कुणी काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी यादीत त्याचं नाव शेवटी जातं.

पेटी नेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इथलं मेलोडियन आणि कॉन्सर्टिना ही आपल्या पेटीची चुलत भावंडं, भात्याची आणि पोलादी किंवा पितळी पत्त्यांची (रीड्सची). इंग्लंडात लोकप्रिय मेलोडियन डी आणि जी या सुरांचं असतं, म्हणजे पांढरी दोन आणि पांढरी पाच. एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. त्या वादकाला 'काळी एकमध्ये घे' म्हणणं म्हणजे त्याला वाद्य खाली ठेवायला सांगणं. त्याच्याबरोबर गायचं तर आपणच पांढरी दोनवर या. पेटीचे सूर दुहेरी-तिहेरी असतील तर पत्त्यांची एकच ओळ उघडी ठेवा, नाहीतर पहिल्या रांगेला फक्त पेटी ऐकू येते.

माइक नसल्यामुळे कुठे उभं राहायचं याला महत्त्व. लांबट खोलीत अरुंद भिंतीशी उभे राहिलात तर मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचत नाही, लांब भिंतीशी पाठ केली की सगळे जवळ येतात. पाठीमागे पडदा नको, मोकळी भिंत हवी. कोपऱ्यात थंडपेयांचा फ्रिज गुणगुणत असेल तर त्याच्यापासून दूर सरका. त्याचा सूर तुमच्या षड्जाच्या जरासा वर-खाली असतो आणि ते फार छळतं.

शब्द पाठ हवेत. मोबाइल बघून गाणं चालवून घेतात, पण आवडत नाही. इंग्रजी गाणं निवडलंत तर 'राउड नंबर' बघा. ग्रंथपाल स्टीव्ह राउड यांच्या सूचीत प्रत्येक लोकगीताला एक क्रमांक आहे, मग त्याचं नाव गावोगाव बदललेलं असो. 'बार्बरा अ‍ॅलन'चा क्रमांक ५४. लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधलं वॉन विल्यम्स ग्रंथालय ही सूची ऑनलाइन फुकट दाखवतं. ज्या सेसिल शार्पचं नाव त्या इमारतीला आहे, त्याने १९०३ मध्ये सॉमरसेटमधल्या एका माळ्याचं गाणं ऐकून टिपायला सुरुवात केली आणि पुढे इंग्लंडभर हजारो चाली गोळा केल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्याचा उल्लेख अशा खोलीत जरूर करावा. एक लाखाहून जास्त ओव्या, हा आकडा ऐकून तिथली जाणती माणसं ग्लास खाली ठेवतात.

कायद्याचं थोडक्यात. २०१२ च्या लाइव्ह म्युझिक कायद्यामुळे इंग्लंड आणि वेल्समध्ये सकाळी आठ ते रात्री अकरा या वेळेत माइकशिवायच्या गाण्याला वेगळा परवाना लागत नाही, म्हणून हे छोटे क्लब सुखाने चालतात. तुमच्या व्हिसाचं मात्र स्वतः बघा. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार आणि व्यावसायिक कलाकार म्हणून काम, दोन्ही वर्ज्य आहे. फ्लोअर स्पॉटला पैसे नसतात, तोवर ठीक. पण गाणं आवडून कुणी 'पुढच्या महिन्यात आमच्याकडे या, शंभर पौंड देऊ' म्हणालं, तर हो म्हणण्याआधी व्हिसाच्या अटी वाचा.

आणि गायचं नसेल तरी जा. उशीर झाला तर गाणं संपेपर्यंत दाराबाहेर थांबा, टाळ्या सुरू झाल्या की आत शिरा. कडव्यात गुणगुणू नका, ध्रुपदात गप्प बसू नका. साडेदहा-अकराला शेवटचं गाणं होतं, सगळे उभे राहून ते म्हणतात, आणि मग खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावायच्या असतात. सहाच्या वर रचू नका, कलतात.