सर, लाडक्या बहिणीनं तिजोरी खाल्ली का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर लग्नाच्या पंगतीत या विषयावर बोलायचंच नाही असं ठरवलंय मी. लातूरला इकॉनॉमिक्स शिकवतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, सर, लाडकी बहीण योजनेत बायांना महिन्याला दीड दीड हजार वाटून महाराष्ट्र कंगाल होणार का हो?

कंगाल वगैरे काही होत नाही. २०२५-२६ च्या बजेटात राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात कर्ज काढून भरायचा खड्डा, १ लाख ३६ हजार कोटींची, ऐकायला भयंकर वाटतं पण राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या (जीएसडीपी, नुसत्या सरकारी कमाईच्या नव्हे) तीन टक्क्यांच्या आतच होती, अन् कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी म्हणजे एकोणीस टक्क्यांच्या आसपास, पंजाबपेक्षा आपलं खूपच बरं चाललंय. मला खटकते ती महसुली तूट, ४५ हजार ८९१ कोटी. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, योजना हा रोजचा खर्चच कमाईत भागेना. विहिरीसाठी कर्ज काढणं वेगळं अन् किराण्यासाठी काढणं वेगळं, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. अन् या खर्चात लाडक्या बहिणीचे ३६ हजार कोटी.

योजनाच वाईट असं मी म्हणत नाही बरं का. आमच्याकडं धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे पैसे आले की निम्म्याच्या वर मायक्रोफायनान्सच्या हप्त्याला जातात, उरलेले मेडिकलवाल्याला. त्यांना फुकटे म्हणणाऱ्यांना एक दिवस सोयाबीन काढायला न्यायला पाहिजे.

राग येतो तो पैसा कुठून आणणार हे न सांगता शब्द दिला त्याचा. बहात्तरच्या दुष्काळात आपलीच माणसं खडी फोडायला, नालाबंडिंगला गेली, त्यातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला. पण तिच्यासाठी व्यवसाय कर १९७५ लाच लावून झाला होता! पगाराच्या स्लिपवर महिन्याला २०० अन् फेब्रुवारीत ३०० कटतात ना, तोच तो. मुंबई-पुण्याच्या पगारातून बीडच्या मजुराला काम, अन् जेवढा कर येईल तेवढीच भर सरकारनं स्वतःची घालायची. देणारा कोण, घेणारा कोण, सगळं उघड.

लाडक्या बहिणीला असा कर नाही. निवडणुकीच्या तोंडावर, जुलै २०२४ पासून सुरू केली, वर २१०० चा शब्द दिला, तो २०२५-२६ च्या बजेटात काही दिसला नाही. मग पैसा उभा करायला सामाजिक न्याय अन् आदिवासी विकास खात्यांचा निधी वळवा (त्यावर खुद्द मंत्रीच चिडले), ठेकेदारांची बिलं थकवा, ई-केवायसी लावून नावं गाळा. आता सामाजिक न्यायच्या पैशातून वसतिगृहं चालतात, अन् तिथं राहतात याच बायांची पोरं. एका हातानं आईला दिलं अन् दुसऱ्या हातानं लेकराचं काढलं, आणि हे कुठल्या जाहिरातीत येत नाही.

मग करायचं काय म्हणाल तर व्यवसाय कराकडं बघा. त्याची कमाल मर्यादा वर्षाला २५००, तीही राज्यघटनेत लिहिलेली, १९८८ पासून जशीच्या तशी. महिन्याला लाखभर घेणारा मी अन् माझ्या दहापट घेणारा पुण्यातला आयटीवाला, दोघं सारखेच २५०० भरतो. वाढवायची तर संसदेनंच, पण मुंबईतल्या राज्य सरकारनं मागणी तरी करावी की. माझे दहा हजार कापले तरी चालतील असं मी स्टाफरूममध्ये म्हणून बघितलं, लगेच आठव्या वेतन आयोगाचा विषय निघाला.