बोटीवर जाण्याआधी : ११ किलोंच्या प्रवाशाची तयारी

आमच्या फ्रिजच्या दारावर सध्या एका कागदावर ठळक अक्षरांत एक आकडा लिहिलेला आहे : ११.२ किलो. हे आमच्या लेकीचे वजन आहे, आणि गेल्या महिन्याभरात प्रवासाची जी जी तयारी आम्ही केली, तिच्यातील निम्म्या गोष्टी या एका आकड्यावर ठरल्या. ती २२ महिन्यांची आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही तिला घेऊन मुंबईहून लक्षद्वीपला क्रूझने जात आहोत. चार रात्री बोटीवर, मध्ये एक दिवस अगत्ती बेटावर, आणि पुन्हा मुंबई. मुंबई ते अगत्ती हे अंतर साधारण ९०० किलोमीटरचे आहे, म्हणजे जाताना आणि येताना प्रत्येकी एकाहून अधिक दिवस चहूकडे केवळ पाणी असणार आहे.

मागच्या वर्षी आम्ही कोकणात एका रिसॉर्टवर गेलो होतो. तिथे दुसऱ्या रात्री तिला जुलाब सुरू झाले, आणि आमच्याजवळ ओआरएसचे एकही पाकीट नव्हते. सर्वांत जवळचे औषधाचे दुकान आठ किलोमीटरवर होते आणि ते सकाळी नऊला उघडणार होते. ती रात्र आम्ही मीठ-साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजत काढली. सकाळी तिला बरे वाटले, पण त्या रात्रीपासून मी प्रवासाची यादी वेगळ्या पद्धतीने करू लागले. काय न्यायचे यापेक्षा, जिथे जात आहोत तिथे काय मिळणार नाही, हा प्रश्न मी आधी विचारते. बोटीवर डॉक्टर असतो, दवाखाना असतो. मात्र आपल्या बाळाच्या सवयीचे सिरप, त्याच्या मापाचे डायपर आणि त्याला आवडणारी पेज तिथे असेलच असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून सर्वप्रथम आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी वजन केले आणि प्रत्येक औषधासमोर मात्रा मिलिलिटरमध्ये लिहून दिली. हे फार महत्त्वाचे आहे, कारण आपल्याकडे पॅरासिटॅमॉलचे सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदींत मिळते. 'एक चमचा द्या' हे वाक्य एका बाटलीसाठी योग्य असेल, तर दुसऱ्या बाटलीसाठी त्याचा अर्थ दुपटीहून अधिक औषध असा होतो. मी बाटलीवरच चिकटपट्टी लावून तिच्यावर मात्रा लिहिली आहे, म्हणजे रात्री अडीच वाजता झोपेत असताना दोघांपैकी कोणीही ती वाचू शकेल. ओआरएसची पाकिटे घेताना एक पाकीट एक लिटर पाण्यासाठी आहे की २०० मिलिलिटरसाठी, हे वाचून घेतले आणि सोबत तेवढ्याच मापाची बाटली ठेवली. झिंकही डॉक्टरांनी लिहून दिले आहे. फ्लूची लस घ्यायची राहिली होती, ती त्याच दिवशी दिली.

बोट लागण्याची मला सर्वाधिक भीती होती. डॉक्टरांनी सांगितले की दोन वर्षांखालील मुलांना बोट किंवा गाडी लागण्याचे प्रमाण कमी असते. हा त्रास त्यापुढच्या वयात वाढतो. कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवते, पण केबिनच्या भिंतींकडे पाहणाऱ्या डोळ्यांना सारे स्थिर दिसते, आणि या विसंगतीतून मळमळ होते. त्यांनी एक गोष्ट दोनदा बजावली : प्रोमेथाझिन हे उलटीवरचे औषध दोन वर्षांखालील मुलाला देऊ नये, कारण त्याने श्वास मंदावू शकतो. 'शेजारच्या मुलाला दिले होते, छान झोपला' असे सांगणारे नातेवाईक आपल्याकडे पुष्कळ असतात, म्हणून हे इथे आवर्जून लिहीत आहे. खरा प्रश्न तिचा नव्हे, आमचा आहे. माझ्या नवऱ्याला घाटातही गाडी लागते. मोठ्यांच्या गोळीने गुंगी येते, त्यामुळे दोघांनी एकाच वेळी गोळी घ्यायची नाही, असे आम्ही ठरवले आहे. मी अजून रात्री तिला अंगावर पाजते, त्यामुळे मला कोणती गोळी चालेल हेही डॉक्टरांकडून लिहून घेतले.

केबिन निवडतानाही हाच विचार होता. बोट सी-सॉसारखी हलते; टोकाला हेलकावा जास्त आणि मध्यभागी कमी, वरच्या मजल्यावर जास्त आणि खाली कमी. म्हणून आम्ही मधल्या भागातली, खालच्या डेकवरची खिडकीची केबिन घेतली. बाल्कनीची केबिन परवडत होती, पण घेतली नाही. आमची लेक सध्या खुर्ची सरकवत नेऊन तिच्यावर चढण्याच्या वयात आहे, आणि बाल्कनीत खुर्ची असतेच. चार दिवस एका दाराच्या कडीवर डोळा ठेवून बसण्यापेक्षा समुद्र डेकवरून, तिला कडेवर घेऊन पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदपत्रांचे काम लवकर उरकले. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो आणि तो बाळाच्याही नावाचा लागतो. तिचे निळे बाल आधार आधीच काढलेले होते. पाच वर्षांखालील मुलांचे बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद त्यासाठी घेत नाहीत, त्यामुळे ते काढणे सोपे जाते. जन्मदाखल्याची प्रतही सोबत घेतली आहे.

जेवणाची तयारी मात्र तीन रविवार चालली. बोटीवर भात-वरण मिळेल, पण तिच्या भुकेच्या वेळा बोटीच्या भोजनगृहाच्या वेळांशी जुळणार नाहीत. ती संध्याकाळी साडेसहाला जेवते. केबिनमध्ये किटली, इस्त्री, शेगडी असे काहीही नेऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण बोटीवर आगीइतका मोठा धोका दुसरा नाही. त्यामुळे थर्मासमधल्या गरम पाण्यावर जे होईल तेच तिचे जेवण, असे धरून मी घरी प्रयोग केले. पहिल्या रविवारी तांदूळ आणि मूगडाळ भाजून काढलेल्या भरडीवर थर्मासमधले पाणी ओतून वीस मिनिटे झाकून ठेवले. खिमट झाले नाही. वर पाणी आणि खाली कचकचीत कण राहिले, आणि तिने पहिलाच घास जिभेने बाहेर ढकलला. दुसऱ्या रविवारी तीच भरड अगदी पिठासारखी बारीक दळली, तर तिच्या गुठळ्या झाल्या. तिसऱ्या रविवारी भाजक्या पोह्यांची पूड केली, तिच्यात मेतकूट, किंचित मीठ आणि जिऱ्याची पूड घातली, आणि चार तासांपूर्वी भरलेल्या थर्मासमधले पाणी ओतून दहा मिनिटे झाकले. झाकण काढल्यावर ती मऊ, एकजीव फुगलेली होती. वर तुपाचा थेंब टाकला आणि तिने वाटी संपवली. पोहे हे आधीच शिजवून चेपलेले धान्य असल्यामुळे त्यांना केवळ ओलावा आणि ऊब पुरते, हे मला त्या दिवशी नीट उमगले. आता एकेका जेवणाच्या मापाच्या आठ पुड्या बांधून ठेवल्या आहेत. घरचे कोरडे पीठ बोटीवर नेऊ देतील का, हे कंपनीला ईमेलने विचारून लेखी होकार घेतला आहे, आणि त्या होकाराची छापील प्रत पुड्यांच्या डब्यातच आहे.

न्हाणीघराची तालीमही चालू आहे. केबिनमध्ये बादली नसते, फक्त शॉवर असतो, आणि आमची लेक आजवर बादलीतल्या पाण्याने, तांब्याने न्हालेली आहे. गेले तीन आठवडे मी तिला एक दिवसाआड शॉवरखाली नेते. आधी पाय, मग पाठ, डोके शेवटी. आता ती रडत नाही. बोटीवरच्या न्हाणीघराला उंच उंबरठा असतो आणि दारे जड असून झोकासरशी आपटतात, त्यामुळे बोटे चेमटण्याचा धोका असतो. दारात अडकवायचे फोमचे दोन तुकडे बॅगेत टाकले आहेत. डायपर वापरणाऱ्या मुलांना बोटीवरच्या तलावात सहसा उतरू देत नाहीत. हे आधी कळले ते बरे झाले, नाहीतर नवा पोहण्याचा पोशाख घालून तिला काठावरून परत आणावे लागले असते. हात धुण्यासाठी कागदी साबण घेतला आहे, कारण बोटींवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरपेक्षा साबण आणि पाणी अधिक परिणामकारक ठरते.

बंदरावर मोठ्या बॅगा आधीच ताब्यात घेतल्या जातात आणि केबिनच्या दाराशी त्या काही तासांनी पोहोचतात. तोवर तिची दुपारची झोप, एक जेवण आणि किमान तीन डायपर येऊन जातील. त्यामुळे औषधे, थर्मास, दोन पुड्या, कपड्यांचे दोन जोड आणि गोधडी हे सारे पाठीवरच्या पिशवीत जाणार आहे. गोधडी मी धुतलेली नाही. परक्या खोलीत, इंजिनाच्या अखंड घरघरीत झोपताना तिच्या नाकाला घरचा वास मिळावा, एवढाच हेतू आहे.

आता त्या आकड्याकडे परत येते. समुद्रसुरक्षेचा 'सोलास' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. टायटॅनिक बुडाल्यानंतर, १९१४ साली तो प्रथम झाला. त्यानुसार १५ किलोंहून कमी वजनाच्या मुलांसाठी वेगळे जीवरक्षक जाकीट असते आणि १५ ते ४३ किलोंच्या मुलांसाठी वेगळे. चोवीस तास किंवा त्याहून लांबच्या प्रवासात बोटीवर जितकी तान्ही आणि लहान मुले असतील, तितकी त्यांच्या मापाची जाकिटे असली पाहिजेत, असा त्यात नियम आहे. केबिनमध्ये सहसा मोठ्यांची जाकिटे ठेवलेली असतात. लहानांचे मागून घ्यावे लागते. मोठ्या मापाच्या जाकिटातून लहान मूल पाण्यात खाली निसटू शकते, म्हणून मी बुकिंगच्या वेळीच तिचे वजन कळवले आहे, आणि केबिनमध्ये शिरल्यावर पहिले काम ते जाकीट मागण्याचे असेल. बोट सुटण्याआधी सर्व प्रवाशांना जमवून आणीबाणीची कवायत घेतात. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज म्हणजे जमण्याच्या जागी जायचे. तो आवाज फार मोठा असतो. गेले काही दिवस नवरा रोज संध्याकाळी तोंडाने सात 'भुं' आणि एक लांबलचक 'भूंऽऽऽ' करतो आणि आम्ही तिघे दाराकडे जातो. आता लेक स्वतःच आठवा आवाज काढते.

या सगळ्याची माझ्याइतकीच काळजी आमच्या घरात आणखी एका व्यक्तीला आहे. माझ्या आजेसासूबाई मालवणच्या. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे गेली, तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. घरातल्या बायकांचे रडणे त्यांना आठवते. ती ऐन पावसाळ्यातली, गटारीच्या अमावस्येची गोष्ट. आम्ही जानेवारीत जात आहोत, या दिवसांत अरबी समुद्र शांत असतो, हे सांगितल्यावर त्यांना थोडे बरे वाटले. पुढे त्या स्वतः कितीदा तरी आगबोटीने मुंबईला आल्या. मालवणला मोठी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही, प्रवासी पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, तिथवर जात आणि हलत्या पडावातून बोटीवर चढत. माझे सासरे सहा महिन्यांचे असताना त्यांनी असाच प्रवास केला.

अगत्तीला आमचेही तसेच होणार आहे. प्रवाळांमुळे तिथले लगून, म्हणजे बेटाला लागून असलेले आतले पाणी, उथळ आहे, त्यामुळे क्रूझ बाहेर उभी राहते आणि छोट्या बोटींतून बेटावर जावे लागते. मी आजींना विचारले की त्यांनी बाळाला कसे धरले होते. त्या म्हणाल्या, "कडेर घेव नको गो. पोटाक बांध. तुझे दोनय हात मोकळे होये."

बाबागाडी न नेण्याचा निर्णय तिथेच झाला. बाजारात मिळणारी कापडी झोळी आमच्याकडे होती, पण आजींनी ती हातात घेऊन ताणून पाहिली आणि तिचा पट्टा अपुरा आहे असे म्हणाल्या. मग त्यांनी ट्रंकेतून एक जुने, मऊ पडलेले सुती लुगडे काढले, त्याचा हातभर रुंद पट्टा फाडला आणि लेकीला माझ्या पोटाशी धरून, एक वेढा खांद्यावरून आणि दोन कमरेभोवती घेऊन, पाठीमागे गाठ मारली. जीवरक्षक जाकीट तिच्या अंगात असताना हा पट्टा वापरायचा नाही, कारण पाण्यात ती माझ्यापासून मोकळी झाली पाहिजे, हे मी त्यांना समजावले आणि त्यांना ते पटले. छोट्या बोटीत जाकीट द्यायला लागले, तर पट्टा सोडून कमरेला गुंडाळायचा. हलत्या फळीवर हात मोकळे हवेत तिथे, आणि बेटावरच्या वाळूत चालताना, तो बांधायचा. गाठ एका हाताने सुटेल अशी मारायला त्यांनी मला शिकवली.

काल रात्री मी ती गाठ डोळे मिटून बारा वेळा सोडवून पाहिली. आज पुन्हा करणार आहे.