मासुंते: रिकाम्या दिवसांची आखणी

अमेरिकेतल्या नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मेक्सिकोतल्या कान्कूनला जायचं नाही, एवढं माझं पक्कं होतं. मनगटाला हॉटेलचा पट्टा बांधून बुफेच्या रांगेत उभं राहायला समुद्र कशाला हवा? नकाशा सरकवत सरकवत मेक्सिकोच्याच पॅसिफिकच्या बाजूला वाहाका राज्यात उतरले आणि मासुंते या छोट्याशा गावावर थांबले. दापोलीहून आलेली आई बरोबर असणार होती. तिचा पहिला प्रश्न, "समुद्रच बघायचा, तर एवढ्या लांब कशाला? आंजर्ल्याला काय कमी आहे?"

व्हिसाचं काम सोपं निघालं. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असला, की भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. हवेचा विचार मात्र नीट करावा लागतो. मे ते ऑक्टोबर पाऊस असतो आणि वादळंही येतात. 2022 च्या मे महिन्यात 'अगाथा' वादळ याच किनाऱ्यावर धडकलं होतं. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम: पाऊस सरलेला, डोंगर अजून हिरवे आणि नाताळची गर्दी यायची असते.

नवऱ्याने वाहाका शहरही यादीत घुसवलं होतं. पूर्वी तिथून किनाऱ्यावर यायला डोंगरातून सहा-सात तास लागत. 2024 मध्ये नवा महामार्ग सुरू झाल्यापासून किनाऱ्यावरच्या पुएर्तो एस्कोंदिदोपर्यंत तीनेक तासांत पोचता येतं, हा त्याचा मुद्दा. मी ते खोडलं. आरामाच्या सहलीत दुसरं शहर घातलं, की अर्धी सुट्टी बॅगा भरण्यात जाते. आम्ही मेक्सिको सिटीत विमान बदलून थेट किनाऱ्याजवळच्या वातुल्को विमानतळावर उतरलो. तिथून टॅक्सीने तासाभरात गाव आलं. वाटेत पोचुत्लाला बँकेतून पेसो काढून घेतले, कारण मासुंतेत अजून रोख पैशांवरच बरंच चालतं.

राहायला झावळ्यांनी शाकारलेली, पुढे झुला टांगलेली खोली घेतली. एसी नव्हता, पंख्यावर भागलं. खोली निवडताना मी फोटोंपेक्षा पायऱ्या विचारल्या. इथली बरीच घरं टेकडीच्या उतारावर आहेत आणि 'समुद्र दिसतो' याचा अर्थ बहुधा चढ असतो. पोहण्यासाठी पश्चिमेच्या टोकाची रिंकोन्सितोची बाजू त्यातल्या त्यात शांत. शेजारच्या सिपोलितेचे प्रवाह जिवावर बेतणारे आहेत. शिवाय तिथे लोक विवस्त्र फिरतात, हे आईला आधीच सांगून ठेवलं. "त्यांचं ते बघतील," एवढंच ती म्हणाली.

ही गावं एकमेकांना जोडणारी कामियोनेता म्हणजे ताडपत्रीचं छप्पर आणि दोन बाकडी टाकलेला पिकअप ट्रक, थेट आपलं वडाप. हात केला की थांबतो.

मी यादीत एकच गोष्ट ठरवून ठेवली होती, ती म्हणजे कासवं. शेजारच्या सान आगुस्तिनियोत कासवांचा कत्तलखाना होता. या पट्ट्यातली घरंच्या घरं मांस, कातडं आणि अंड्यांवर जगत. 1990 मध्ये सरकारने कासवं मारण्यावर बंदी घातली आणि पोटापाण्याचा धंदाच गेला. पुढे मासुंतेत मेक्सिकन कासव केंद्र उभं राहिलं. ते 1994 पासून लोकांसाठी खुलं आहे. गावकऱ्यांनी नैसर्गिक साबण-तेलांची सहकारी संस्था काढली. तिला 'द बॉडी शॉप' या ब्रिटिश सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या संस्थापक अनिता रॉडिक यांची मदत झाली होती. रस्त्यालगतचं तिचं दुकान अजून चालतं.

केंद्रातल्या टाकीत ऑलिव्ह रिडले दिसलं आणि आई एकदम घरची झाली. वेळास-आंजर्ल्याला किनाऱ्यावर येतं ते हेच कासव. आपल्या कोकणात एकेकटी मादी येते आणि अंडी उचलून कुंपणात जपावी लागतात. इथून जवळच्या एस्कोबियाच्या किनाऱ्यावर मात्र त्या एकाच वेळी हजारोंनी चढतात. त्याचा मुहूर्त कासवंच ठरवतात, म्हणून मी त्यावर तारखा बांधल्या नाहीत. तिथे जायचंच तर स्थानिक वाटाड्याबरोबर.

बाकी दिवस मोकळे ठेवले. सकाळी समुद्र, दुपारी झुला, मग खाणं. शाकाहाऱ्यांनी दोन शब्द पाठ करावेत: 'सिन आसिएंतो'. त्लायुदा नावाच्या ताटाएवढ्या कडक मक्याच्या भाकरीवर आधी डुकराच्या चरबीचा, म्हणजे आसिएंतोचा, थर देतात, तो नको म्हणून सांगायचं. वरचा काळा घेवडाही चरबीत परतलेला असू शकतो, तेही विचारा. आईला खामाइकाचं लालभडक सरबत फार आवडलं. ते लाल अंबाडीच्या बोंडांचं असतं.

संध्याकाळी अख्खं गाव पुंता कोमेता या भूशिरावर सूर्यास्ताला जातं. चढ सौम्य आहे, आई दोनदा टेकत सहज आली. परतताना झाडीतून काळोख असतो. टॉर्च न्याच, फोनच्या चार्जिंगचा भरवसा नको.